बरोबर जोडलेल्या तारा

चूक माझी होती. बरोबर जोडलेल्या दोन तारा मी उलट्या केल्या आणि कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं की तारा उलट्या होत्या, त्या सरळ केल्या. त्या एका ओळीमुळे एका माणसाची नोकरी गेली आणि नावही गेलं. आठ दिवसांनी माझी चूक मला कळली. कळल्यावर मी गप्प बसलो. पहिल्या गोष्टीला कुणी गैरसमज म्हणेल. दुसरीला काय म्हणायचं ते मला ठाऊक आहे, पण तो शब्द स्वतःबद्दल वापरायला मला वीसेक वर्षं लागली.

भूकंप झाला तेव्हा मी अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर वर्गात होतो. आमचं गाव औश्याच्या बाजूला. किल्लारीकडच्या गावांसारखं ते भुईसपाट झालं नाही, पण आमच्या घराची मागची भिंत पडली आणि पुढची फुगली. वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते. ते आणि आई पुढची दोन वर्षं शाळेच्या मैदानावर पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. उन्हाळ्यात ते शेड इतकं तापायचं की आई दुपारी ओलं फडकं डोक्यावर ठेवून लिंबाखाली जाऊन बसायची. मला लवकर पदवी मिळावी आणि लातूरला कुठंतरी प्राध्यापकाची जागा मिळावी, एवढंच त्या दोघांचं मागणं होतं. माझंही तेवढंच होतं.

माझा विषय होता पोलादाचं सलग ओतकाम, आणि त्यातही पहिले काही सेकंद. वितळलेलं पोलाद वरून एका तांब्याच्या चौकोनी नळीत ओततात. ही नळी म्हणजे साचा. त्याला वर-खाली दोन्हीकडे तोंड असतं आणि बाहेरून सतत पाणी खेळतं. पोलाद तांब्याला टेकलं की क्षणात त्यावर साय धरते. ती जाड होत जाते, आणि साच्याखालून लालभडक चौकोनी कांब अखंड ओढली जाते. साच्यातून बाहेर पडताना ती साय करंगळीएवढीच जाड असते, आत सगळं पातळ. ती फाटली तर आतलं पोलाद खाली सांडतं. कारखान्यात त्याला ‘फुटलं’ म्हणतात. ही साय धरते कशी, कुठे पातळ राहते, तांब्याकडे किती उष्णता जाते, हे मोजायचं माझं काम होतं.

नांदेडबाहेरच्या एका छोट्या कारखान्याने भूकंपाच्या आधीच त्यासाठी परवानगी दिली होती. भूकंपानंतर गावंच्या गावं नव्याने बांधायची होती, सळईला प्रचंड मागणी होती, आणि कारखाना रात्रंदिवस चालत होता. माझ्या मार्गदर्शकांनी मला तिथं सोडलं आणि सांगितलं, ‘‘मशीनवरच्या उस्तादाला धरून राहा. तो सांगेल ते पुस्तकात नाही.’’

उस्ताद तेव्हा चाळिशीचे असतील. जुन्या नांदेडातलं त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या भांड्यांना कल्हई करणारं. स्टीलची भांडी आली, कल्हईचा धंदा बसला, आणि ते या कारखान्यात साच्यावर उभे राहिले. तांब्याची त्यांची ओळख जन्माची होती. साच्याच्या चार भिंतींत, प्रत्येकीत एक वर आणि एक खाली, असे ताप मोजणारे आठ सूक्ष्म जोड, म्हणजे थर्मोकपल, बसवायचे होते. छिद्रं पाडणं, टोकं डाखणं, तारा ओळीने बाहेर काढून कागदावर ठिपके उमटवणाऱ्या रेकॉर्डरला जोडणं हे सगळं त्यांनी स्वतःच्या हाताने केलं. मी टोक डाखायला गेलो की ते वाकडं बसायचं. ते हसायचे.

‘‘काय थर्मामीटर साब, आज बुखार किती हाय?’’ रोज सकाळी त्यांचा हाच प्रश्न.

‘‘वर दोनशेच्या पुढं, खाली दीडशे.’’

‘‘म्हंजी तब्येत चांगली हाय.’’

तब्येत चांगली असण्याची खूण तीच होती. वर पोलाद नुकतंच तांब्याला टेकलेलं असतं, म्हणून वरचा ताप जास्त. खाली साय जाड झालेली असते, आकसून तांब्यापासून जरा सुटलेली असते, म्हणून तिथं कमी. माझ्या सगळ्या पुस्तकांत हेच होतं. खालचा ताप वरच्यापेक्षा जास्त आल्याचं मी कुठं वाचलं नव्हतं.

भूकंपानंतर मी गावाहून परत आलो तेव्हा वसतिगृहाची खानावळ बंद होती. उस्ताद मला घरी घेऊन गेले. त्यांच्या बायकोला मी चाची म्हणू लागलो. अख्खी गल्ली ऐकेल अशा आवाजात बोलणारी बाई. तिने पहिल्याच दिवशी मला विचारलं, ‘‘अम्मी-अब्बा सलामत है ना? फिर मुँह कायको लटकाया? खा.’’ महिनाभर मी तिथं जेवलो. एकदाही कुणी मला पाहुण्यासारखं वागवलं नाही. हे मी एवढ्यासाठी सांगतोय, की मी पुढे जे केलं ते परक्या माणसाचं केलं नाही.

त्या दिवशी सकाळी ओतकाम सुरू झालं आणि अर्ध्या तासाने मी फाटकाबाहेरच्या एसटीडी बूथवर गेलो. लातूरच्या एका महाविद्यालयात जागा निघणार असल्याचं कानावर आलं होतं, त्याची चौकशी करायची होती. फोन लागायला वेळ लागला. परत आलो तेव्हा रेकॉर्डरच्या कागदावर पूर्वेकडच्या भिंतीचे ठिपके उलटे पडत होते. खालचा ताप वर आणि वरचा खाली. बाकीच्या तीन भिंती ठीक होत्या.

माझ्या मनात एकच विचार आला. उस्तादांनी सकाळी साचा उतरवून पुन्हा बसवल्यावर तारा नव्याने जोडल्या होत्या, त्यात पूर्वेच्या दोन एकमेकींच्या जागी गेल्या असणार. रेकॉर्डरचा कागद मागच्या रिळावर गुंडाळला जात होता. तो तीन हात उलगडला असता तर पहिल्या अर्ध्या तासात काय होतं ते दिसलं असतं. मी उलगडला नाही. पेचकस घेतला, दोन तारा सोडवल्या, एकमेकींच्या जागी लावल्या. ठिपके पुस्तकासारखे पडू लागले. मला बरं वाटलं. कागदावर लिहिलं, ‘जोडणी उलटी होती. दुरुस्त केली. यामागची नोंद धरू नये.’

तेवढ्यात उस्ताद साच्यावरून माझ्याकडे आले. साच्यातल्या पोलादाच्या कडेने चारी बाजूंना तेल सोडतात. तांब्याच्या माथ्यावर बारीक फटी असतात, त्यातून ते झिरपतं आणि पिवळ्या ज्योतीने जळतं. त्यामुळे साय तांब्याला चिकटत नाही आणि उष्णता सगळीकडे सारखी जाते.

‘‘साब, पूर्वेच्या बाजूला ज्योत दिसून न्हाई राहिली,’’ ते म्हणाले. ‘‘तीनच बाजू जळून राहिल्या. तुमचं मशीन काय म्हणतंय? मी स्पीड उतरवू का?’’

शिफ्टचे साहेब मागेच उभे होते. वेग कमी केला की साय जाड व्हायला वेळ मिळतो, पण दिवसाचं उत्पादन कमी होतं आणि त्याचं उत्तर त्यांना द्यावं लागतं. ते म्हणाले, ‘‘उस्ताद, तुमचं रोजचंच. त्यांना विचारा ना, आठ ठिकाणी थर्मामीटर लावून बसलेत.’’

दोघेही माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, ‘‘मशीन ठीक आहे. मघाशी पूर्वेचं उलटं येत होतं, पण तारा उलट्या जोडल्या गेल्या होत्या. मी सरळ केल्या.’’

उस्तादांचा चेहरा पडला. ‘‘उलट्या? मी जोडल्या त्या?’’

‘‘होतं असं कधी कधी.’’

‘‘माझ्या हातून न्हाई होत, साब.’’

शिफ्टचे साहेब हसले. ‘‘वय झालं उस्ताद. चष्मा घ्या.’’

ते साच्याकडे परत गेले. वेग तसाच राहिला. मी पावती देऊन टाकली होती, आता ते कशाच्या जोरावर उतरवणार? पंधराएक मिनिटांत साच्याखाली फुटलं. आधी आवाज आला, मग वाफेचा लोट, मग खालच्या खड्ड्यात पांढरं पोलाद सांडताना दिसलं. उस्तादांनी वरचा प्रवाह बंद केला, सगळ्यांना मागे ढकललं. कुणाला साधा चटकाही बसला नाही. तो साचा आणि माझे आठही जोड वाया गेले, मशीन पंधरवडाभर बंद पडलं.

कुणी भाजलं असतं तर कदाचित चौकशी नीट झाली असती. झालं ते एवढंच, की नुकसान कुणाच्या नावावर टाकायचं ते ठरवायला शिफ्टच्या साहेबांसह तिघेजण एका खोलीत बसले. कांबेच्या फुटलेल्या बाजूला तेल लागल्याची खूण नव्हती, बाकीच्या बाजू सांडलेल्या पोलादात गाडल्या गेल्या होत्या. उस्ताद म्हणाले, मी तेल चालू केलं होतं, एका बाजूची फट बुजली होती. फटी साफ ठेवणं देखभाल खात्याचं काम. ते खातं शिफ्टच्या साहेबांच्याच हाताखाली होतं. साच्याचा माथा पोलादाने भरून गेलेला, भंगारात गेलेला. फट बघायची सोय उरली नव्हती. उरली होती फक्त माझी नोंद.

‘‘पूर्वेकडच्या बाजूचा ताप फुटण्याआधी कसा होता?’’ त्यांनी मला विचारलं.

मी दुरुस्तीनंतरची पट्टी टेबलावर ठेवली. ‘‘नेहमीसारखा.’’

‘‘म्हणजे फट वगैरे काही बुजलेली नव्हती. वेळेवर तेल सोडायचं राहिलं.’’

तीनच बाजू जळत असल्याचं उस्ताद आधी म्हणाले होते, पण पट्टीपुढं मला तो त्यांचा भास वाटला, आणि मी ते काढलं नाही. त्या खोलीत मी खोटं बोललो असं मला तेव्हा वाटलं नाही, कारण माझा त्या पट्टीवर विश्वास होता. तेल न सोडल्याबद्दल उस्तादांना काढून टाकलं.

आठव्या दिवशी प्रबंधासाठी आकडे उतरवताना मी मागचा सगळा कागद उलगडला. पहिला अर्धा तास पूर्वेचे ठिपके जसे हवेत तसेच होते, वरचे वर आणि खालचे खाली. मग वरचा ताप हळूहळू उतरत गेला, खालचा चढत गेला, एका ठिकाणी दोन्ही रेषा एकमेकींना ओलांडून गेल्या. तारा कधी अशा हळूहळू उलट्या होत नाहीत. तारा पहिल्यापासून बरोबर होत्या. पूर्वेकडे तेल न पोचल्यामुळे साय वेडीवाकडी धरून तांब्यापासून सुटली होती. म्हणून वर तांबं थंड पडलं होतं, आणि तिथं उष्णता न गेल्यामुळे ती पातळ राहिली होती. आतल्या पोलादाच्या दाबाने ती खाली पुन्हा तांब्याला टेकत होती. तेल सोडलंच नसतं तर चारही बाजू अशा झाल्या असत्या. एकच बाजू झाली होती. म्हणजे फट बुजली होती. उस्तादांनी जे डोळ्यांनी पाहून सांगितलं ते सगळं त्या कागदावर होतं, आणि त्यावर माझ्या अक्षरात लिहिलं होतं की हे धरू नये.

माझ्या अभ्यासाचा विषय नेमका हाच होता. साय पहिल्यांदा धरते तेव्हा काय होतं. ते माझ्यासमोर घडलं आणि मी पेचकसाने ते पुस्तकासारखं करून टाकलं.

मी कुणालाही सांगितलं नाही. त्या आठवड्यात मला लातूरच्या जागेसाठी बोलावणं आलं होतं. शेडमध्ये आई आजारी होती. नोंद चुकली हे कबूल केलं तर प्रबंध राहील, वर्ष जाईल, कारखाना मार्गदर्शकांना पुन्हा दारात उभं करणार नाही, अशी कारणं मी रांगेने लावली. भूकंपाचं कारण सर्वांत जास्त वापरलं. त्या काळात आमच्या भागातल्या माणसाला कुणी जाब विचारत नसे, ‘कुठलं गाव?’ एवढं विचारून लोक गप्प होत. मी स्वतःलाही तसंच सोडून दिलं. तो दिवस प्रबंधातून वगळला. लातूरला सामान हलवताना त्या दिवसाची सगळी पट्टी वसतिगृहामागच्या कचऱ्यात जाळली. आज ती असती तर तिच्यावाचून दुसरं काही दाखवायची मला गरज पडली नसती.

चाचीच्या घरी मी परत गेलो नाही.

पदवी मिळाली, नोकरी मिळाली. लातुरात पुढे क्लासचे दिवस आले. एकेका हॉलमध्ये दोनदोनशे मुलं, मास्तरांच्या गळ्यात माईक, गल्लोगल्ली वसतिगृहं आणि डबे. महाविद्यालय सोडून मीही क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवू लागलो. वडिलांनी नव्या घराच्या ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, आमच्या पोराने पोलादावर संशोधन केलंय. ते तसं सांगतच वारले. त्यांना तरी सांगायला हवं होतं, असं आता वाटतं. तेव्हा मी त्यांच्या शेजारी बसून मान खाली घालून ऐकत असे, आणि लोकांना तो माझा विनय वाटे.

आता सांगतो ते मला सगळ्यांत जड जातं. उष्णतेचा धडा आला की मुलं पेंगतात. त्यांना जागं करायला मी दरवर्षी एक किस्सा सांगायचो. ‘‘कारखान्यात आमचा एक उस्ताद होता, तारा उलट्या जोडून बसला. खालचा ताप वर, वरचा खाली! मी म्हटलं, उस्ताद, पोलादाला काय शीर्षासन करायला लावलं का?’’ दोनशे मुलं हसायची. मी खडू उचलून म्हणायचो, ‘‘तेव्हा उत्तर उलटं आलं की आधी तारा तपासा.’’ खरं ठाऊक असताना मी हे किती वर्षं सांगितलं ते मोजायची माझी हिंमत नाही. सांगून सांगून बहुधा मला ते खरं करायचं होतं.

एका वर्षी किस्सा संपल्यावर तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. किनवटकडची होती, आश्रमशाळेत शिकून आलेली, एरवी तोंड न उघडणारी.

‘‘सर, तारा उलट्या असत्या तर सकाळपासनंच उलटं आलं असतं ना? तुम्ही सकाळचं बघितलं व्हतं का?’’

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. मी म्हणालो, ‘‘परीक्षेत येणार नाही हे. बस खाली.’’ ती बसली. वहीत काहीतरी खोडलं. माझ्या हातून पुढचं गणित सुटेना. तीन वेळा फळा पुसला, आणि तब्येत बरी नाही म्हणून निघून आलो.

त्यानंतर मला जेवण जाईना. बायको रोज विचारायची. शेवटी तिला सगळं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, ‘‘ती माणसं जिवंत आहेत का, हे तरी माहीत आहे का तुम्हाला?’’ ते मला माहीत नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत नांदेडची बस धरली. कारखाना केव्हाच बंद झाला होता, पत्रेसुद्धा काढून नेले होते. मात्र गल्ली तीच होती. उस्ताद दाराशी छोट्या दुकानात बसून कुकरची मूठ बसवत होते. दाढी पांढरी झालेली. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

‘‘काय दुरुस्त करायचंय?’’

‘‘उस्ताद, मी. कारखान्यातला.’’

त्यांना वेळ लागला. मग तोंडभर हसले. ‘‘अरे, थर्मामीटर साब! बसा, बसा.’’ आणि आत तोंड करून ओरडले, ‘‘दो चाय!’’

आतून त्याहून मोठा आवाज आला, चाचीचा. ‘‘शक्कर लाने बोली थी, लाए क्या? के वो भी भूल गए, तेल के जैसा?’’

शेजारच्या दुकानातला माणूस हसला. त्यालाही ही जुनी थट्टा ठाऊक असावी. उस्ताद कुकरकडे बघत म्हणाले, ‘‘आदत हाय तिची. कवापासून तेच म्हणून राहिली. आता नातवंडंबी म्हणतात.’’

मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. बूथ, दोन तारा, न उलगडलेला कागद, आठवा दिवस, जाळलेली पट्टी, वर्गातला किस्साही. मधे त्यांनी एकच विचारलं, ‘‘म्हंजी पूर्वेचीच बाजू?’’ मी हो म्हणालो. त्यांनी पान्हा खाली ठेवला.

मग म्हणाले, ‘‘तेल मी चालू केलं होतं का न्हाई, ते मला आता आठवतच न्हाई साब. आधी आठवायचं. कॉक फिरवलेला हाताला आठवायचा. मग सगळेच म्हणून राहिले, इसरला, इसरला. वाटलं, इसरलो असंन. चार-पाच साल झाल्यावर तर मला मी इसरलेलाच दिसायला लागलो.’’

यापेक्षा त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

‘‘ही बात मला सांगून काय करता?’’ ते उठले. गुडघ्यावर हात देत उठले. ‘‘आत चला. तिला सांगा.’’

चाची चुलीपुढे नव्हती, खाटेवर बसून शेंगा सोलत होती. खूप वाळली होती. उस्तादांनी माझी ओळख करून दिली. तिने मान हलवली. ओळखलं की नाही, कळलं नाही. दारात दोन नातवंडं आणि सून येऊन उभी राहिली. मी बोलायला लागलो, तर माझा आवाज मलाच ऐकू येईना.

‘‘जोरात बोला साब,’’ उस्ताद म्हणाले. ‘‘तिला कमी ऐकू येतं.’’

मग मी मोठ्याने बोललो. वर्गात माईकवर बोलतो त्याहून मोठ्याने.

‘‘चाची, उस्ताद तेल विसरले नव्हते. तेल चालू होतं. एका बाजूची फट बुजली होती. ती त्यांनी ओळखली आणि मला येऊन विचारलं. मी चुकीचं सांगितलं. आठ दिवसांनी मला खरं कळलं, तरी मी कुणाला बोललो नाही, तुमचं अन्न खाल्लेलं असून बोललो नाही. त्यांच्या हातून काही चुकलं नव्हतं. चूक माझी होती. उस्ताद, चाची, मला माफ करा.’’